आसराईच्या डोंगरावरची घरं

पप्पांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिथंच मी जिंकले.

ते काय म्हणणार होते ते मला माहीत होतं, आईला माहीत होतं, समोर जेवायला बसलेल्या दयानंद मामालाही माहीत होतं. मी एवढंच विचारलं होतं, "तुम्ही बारा वर्षांचे असताना शेतात राखणीला एकटे मचाणावर झोपायचात ना? हजार वेळा सांगितलंय तुम्ही. मग मी सतरा वर्षांची आहे. मी का नाही?" याला उत्तर एकच होतं: मी मुलगा होतो. आणि माझे पप्पा म्हणजे माधवराव सर. नांदेडच्या शाळेत एकोणीस वर्षं गणित शिकवतात, मुलींच्या गॅदरिंगला दरवर्षी भाषण ठोकतात. ते वाक्य स्वतःच्या मुलीसमोर त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं.

मामा भाकरीचा घास हातात धरून हसला. "आता बोला दाजी. अडकले की न्हाई?"

भांडण एका फॉर्मचं होतं. उत्तराखंडातल्या एका संस्थेचा सव्वीस दिवसांचा गिर्यारोहणाचा कोर्स. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी पालकांची सही लागते, आणि फॉर्म पोचवायची शेवटची तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुली सुट्टीतसुद्धा लातूरला क्लासला जाऊन बसल्या होत्या. माझा चुलतभाऊ आलोक तर तिथं दोन वर्षांपासून आहे आणि आता फोनवर 'हॅलो' म्हणायच्या आधी जांभई देतो. आणि मी काय मागत होते? बर्फ.

खरं सांगायचं तर वर्षभरापूर्वीची मी असते तर असं काही मागितलंच नसतं. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीला इतक्या हळू 'हजर' म्हणायचे की मॅडम दोनदा विचारायच्या, "देविका आली आहे का?" आणि मी पहिल्या बाकावर असायचे! मग शाळेच्या शिबिरात आम्हाला दोर बांधून एका उभ्या भिंतीवर चढवलं. वर एक घंटा होती. सगळ्यात आधी ती मी वाजवली. का आणि कशी, ते मला अजून कळलेलं नाही. पण खाली उतरले ती कुणी दुसरीच उतरली. तेव्हापासून मी वर्गात, घरात, रिक्षावाल्याशी, सगळीकडे वाजूनच राहिले आहे.

पप्पांनी पाणी पिलं, मिशी पुसली आणि परीक्षेच्या हॉलमध्ये सूचना देतात त्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. मामाच्या गावामागं आसराईचा डोंगर आहे. शनिवारी दुपारी चढायचं. वर आसराई देवीच्या ठाण्यापाशी रात्र काढायची. रविवारी सकाळी पलीकडच्या बाजूनं उतरून फाट्यावर माझ्यासमोर उभं राहायचं. दहाच्या आत. एकटीनं. कुणाला तुला आणायला वर जावं लागलं, तर फॉर्म विसरायचा."

"मंजूर!"

"आणि रात्री आठला मला मेसेज," आई म्हणाली. "कुठं आहेस, तेवढंच. बाकी काही नको."

मामाचं गाव माहूरच्या अलीकडे, गडापासून दोन दऱ्या सोडून. आसराईचा डोंगर काही हिमालय नाही. त्यावर बाया लाकडं आणायला जातात, पोरं सीताफळं काढायला जातात. पण रात्री कुणी जात नाही. म्हणजे कुणी गेलंच नाही असं नाही, पण कारण नसताना कुणी गेलं नाही.

शनिवारी मामा मला पायथ्यापर्यंत सोडायला आला. पाठीवर माझी जुनी सॅक, त्यात सोलापुरी चादर, मामाच्या शेतातली पिवळी ताडपत्री, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दोन बाटल्या पाणी, बॅटरी. मामा वाट सांगत होता, मी मान हलवत होते.

"ही पाण्याची चर बघ. आत्ता कोरडी हाय, पण चर हाय. ही डाव्या हाताला ठेवायची. झाडीत शिरली तर तू बी शिरायचं. चर सुटली की वाट सुटली, ध्यानात ठेव. ठाण्यापाशी झरा हाय, तिथंच निघते ती."

"मामा, वर दगडावर दगड रचून ठेवलेले असतात का?"

"असतात की. लई."

"मग झालं तर!"

"काय झालं?" मामानं विचारलं.

"तुम्हाला नाही कळणार ते," मी म्हणाले. हो, असंच म्हणाले. कारण मी पन्नास तरी व्हिडिओ पाहिले होते. हिमालयात बर्फानं वाट दिसत नाही तेव्हा लोक दगडावर दगड रचून खूण ठेवतात. एका रचलेल्या दगडापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, असं चालत गेलं की माणूस चुकूच शकत नाही. आमच्या डोंगरावरही तेच आहे म्हटल्यावर मला इतका अभिमान वाटला की काय सांगू! कोरड्या चरीचा हात कोण धरतंय?

पहिला तास मजेत गेला. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. कुसळं मोज्यांत शिरत होती. एका झाडावर पक्ष्यांनी ठेवलेलं एक सीताफळ मिळालं, ते उभ्यानं खाल्लं आणि बिया फूऽ करून लांब उडवल्या. घरी तसं केलं तर आई रागावते. इथं ओरडणारं कुणी नव्हतं. मग मी मोठ्यानं गाणंही म्हटलं. वाईट म्हटलं. त्यालाही कुणी ओरडलं नाही.

साधारण साडेतीनला चर डावीकडे करवंदीच्या जाळीत घुसली. नुसते काटे. आणि उजवीकडे, मोकळ्या वाटेवर, एका खडकावर तीन दगड. मोठा, त्यावर मधला, त्यावर छोटा. अगदी व्हिडिओतल्यासारखे. मी त्यांना सलाम केला आणि उजवीकडे वळले.

पुढे दुसरी रचना. मग तिसरी. इतकी सोपी वाट! मी मनात पप्पांना सांगूनही टाकलं, काही नव्हतं हो त्यात.

पावणेपाचला मला पहिल्यांदा कळलं. वाट वर चढत नव्हती. डोंगराच्या कमरेभोवती आडवी चालली होती. आणि दगड फार झाले होते. वाट दाखवायला वीस पावलांवर एक रचना पुरे, इथं तर दोन-दोन हातांवर होत्या, काही ठिकाणी एकमेकींना टेकून. वाट दाखवायला एवढी गर्दी कशाला? हा प्रश्न माझ्या डोक्यात स्पष्ट आला. मी तो ऐकला. आणि चालत राहिले. पुढे वळण असेल. त्या झाडापाशी चढ लागेल. त्या झाडापाशी नाही तर त्या दगडापाशी. मागं फिरायचं म्हणजे चूक झाली असं म्हणायचं, आणि ते म्हणायला तिथं कुणी नव्हतं तरी मला लाज वाटत होती. कुणाची? सागाची?

पावणेसहाला वाट संपली.

डोंगराच्या पोटाला एक सपाट कडा होता, आमच्या शाळेच्या अर्ध्या मैदानाएवढा. पुढे काहीच नाही, सरळ खाली दरी. आणि त्या कड्यावर दगडांच्या रचना, शेकडो. सूर्य टेकला होता, प्रत्येकीची लांब सावली माझ्याकडे आली होती. समोर दरीपलीकडे माहूरचा गड, रेणुकामातेचं देऊळ, नुकते लागलेले दिवे.

मी खाली वाकून पाहिलं. एका रचनेला खडेच खडे लावून कुंपण केलेलं होतं. कुंपणाला दोन उभ्या दगडांचं फाटक. आत एका खड्यावर वाळकी काडी खोचलेली, म्हणजे तुळस. शेजारची तीन मजली होती. एकीला तर जिनासुद्धा होता, चपट्या कपच्यांचा.

मी कपाळाला हात लावला. ती घरं होती! यात्रेच्या डोंगरांवर लोक करतात तसली. ज्याला स्वतःचं घर हवं असतं तो देवाच्या वाटेवर दगडांचं घर मांडतो. जेवढे मजले हवेत तेवढे दगड. लहानपणापासून मी ते पाहिलेलं आहे. पण मी इतके व्हिडिओ पाहिले होते की घरं मला खुणा वाटल्या. मला कुणीच वाट दाखवत नव्हतं. मी दीड मैल लोकांच्या इच्छांच्या मागंमागं चालत आले होते.

आता काय करायचं ते मात्र मला माहीत होतं, आणि ते मी नीट केलं, एवढं श्रेय मी घेणार. अंधारात हलायचं नाही. एक बाटली पाणी शिल्लक होतं. मी कड्यापासून खूप आत, खडकाच्या कपारीला जागा साफ केली, ताडपत्री बांधली, धपाटे खाल्ले.

आठ वाजता फोन काढला. वाटेत कुठंही नसलेली रेंज इथं होती, एक काडी. आईचा मेसेज येऊन पडला होता: "पोचलीस का वर?"

मी लिहिलं, "आई, मी वाट चुकले, कड्यावर आहे, पण." पुसलं. हे गेलं की मामा कंदील घेऊन निघणार, आणि फॉर्म गेला. मग लिहिलं, "ठीक आहे." तेही पुसलं. ते अर्धवट वाटत होतं, आईला लगेच कळलं असतं. शेवटी लिहिलं, "हो. वर ठाण्यापाशी आहे. मस्त वाटतंय." आणि पाठवलं. दोन मिनिटांनी तिकडून फक्त एक अंगठा आला.

त्यानंतर मला जी भीती वाटली ती जनावरांची नव्हती. म्हणजे तीही होती. पण त्या अंगठ्याकडे मी पुन्हा पुन्हा पाहत होते. आई आता निवांत भांडी आवरत असेल. आणि ज्या जागी मी आहे असं तिला वाटतं, तिथं मी नाही.

मग वारा सुटला. दरीतून असा वर आला की ताडपत्रीचं एक टोक सुटलं आणि माझ्या तोंडावर फाडफाड वाजायला लागलं. दाबायला दगड हवे होते. मोकळे दगड कुठंच नव्हते, सगळे कुणाच्या ना कुणाच्या घरात बसलेले. मी बॅटरी काखेत दाबून धरली आणि जवळच्या एका घराचे दगड उचलले. वरून एकेक. सात. मोजले म्हणून नाही, सात लागले म्हणून. "सकाळी ठेवते," मी अंधारात म्हणाले, आणि टोकं दाबली.

झोप लागत नव्हती. खाली, खूप खाली, तुरीच्या शेतांत राखणीवाले जागत होते. रानडुकरं येतात म्हणून ते डबे बडवतात आणि मधूनमधून एकमेकांना हाका घालतात, झोप लागू नये म्हणून. एका मचाणावरून "होऽऽऽ" येतं, मग लांबच्या दुसऱ्यावरून "होऽऽऽ". मग शांत. मग पुन्हा. मी पांघरुणातून तोंड बाहेर काढून ऐकत राहिले. पप्पा बारा वर्षांचे असताना असंच ओरडत असतील. त्यांनी मला मचाण सांगितलं होतं, अंधार सांगितला होता, साप सांगितला होता. पण कुणीतरी ओ द्यायचं, हे कधी सांगितलं नव्हतं. मला उगाचच वाटत होतं की ते एकटे असायचे.

पुढची हाक आली, आणि ओ यायला उशीर झाला. पलीकडचा झोपला असावा. मला काय झालं कोण जाणे, मी उठून बसले, तोंडाला दोन्ही हात लावले आणि ओरडले, "होऽऽऽ!"

डोंगरानं ते गोल फिरवून परत आणलं. खाली एकदम शांत. डबासुद्धा वाजेना. त्यानंतर रात्रभर एकही हाक आली नाही.

मला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नसेल. मी झोपले.

सकाळी उजाडता उजाडता पानं मोडल्याचा आवाज आला. जनावर नाही, चप्पल. मी ताडपत्रीतून डोकं बाहेर काढलं तर समोर एक बाई. साठीची असेल, कासोटा घातलेली, हातात नारळ, हळदीकुंकवाची पुडी. ती मला पाहून किंचाळली, मग मी किंचाळले.

"अगं माय!" ती म्हणाली. "कोन गं तू? माणूस हायेस का?"

"माणूस आहे, मावशी. देविका. दयानंद पाटलाची भाची."

"हितं काय करून राहिलीस?"

"झोपले होते."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बुटांपाशी थांबली. "कवापासनं?"

"कालपासून."

"रातच्याला 'हो' म्हणून कोन वरडलं?"

मी हळूच हात वर केला, वर्गात करतात तसा.

ती बाई नारळ घेऊनच खाली बसली. आधी मला वाटलं तिला चक्कर आली. पण ती हसत होती. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आमचा माणूस, दगडोबा," ती म्हणाली, "घोंगडं मचाणावरच टाकून पळत आला गं! निस्ता चळचळा कापून राहिला. म्हणे आसराईनं ओ दिली. कड्याच्या अंगानं, बाईच्या आवाजात. म्या म्हणलं, काय म्हणली? म्हणला, 'हो' म्हणली. अरे पण तू इचारलं काय व्हतं, ते तर सांग!"

तिचं नाव तुळजाबाई. देवीची समजूत काढायला पहाटे निघाली होती. आता देवी निघाली अकरावीतली.

"आता त्यायला सांगू का नको?" ती डोळे पुसत म्हणाली. "रातच्यालाच तंबाखूची डबी उकिरड्यावर फेकून दिली त्यानं. पुन्हा हात लावनार न्हाई म्हणला. चाळीस वर्सं मी सांगून राहिले, ते एका 'हो'नं झालं बघ."

"मग नका सांगू."

"छ्या! उद्या सगळं गाव नारळ घेऊन वर येईल. सांगते. पर चार दिसानं सांगते."

पप्पांची दहाच्या आत फाट्यावर यायची अट तिला सांगत मी ताडपत्री गुंडाळायला घेतली आणि दगड हातात आले. तुळजाबाईंना विचारलं, "मावशी, हे घर कुणाचं होतं? मी रात्री मोडलं."

"काय म्हाईत? तिकडचं तेलंगणातलं कोन तरी असंल. गडावर येतात तवा हितं येतात. हितनं रेणुकाआई दिसती ना समोर. घर तिच्या डोळ्यांम्होरं मांडायचं असतंय." तिनं हात झटकला. "राहू दे, दुसरं कोन तरी मांडंल. चल, मी जवळच्या वाटेनं खाली नेते तुला. तासाभरात गाव. पाटलाच्या गाडीवर बसून फाट्याला जाशील, धाच्या आत."

ही ऑफर फार सोपी होती. मी घड्याळ पाहिलं: पावणेसात. आत्ता चरीपर्यंत परत गेले, वर ठाणं गाठलं, पलीकडे उतरले, तर कसेबसे दहा वाजणार होते.

"नको मावशी. मला कुणी नेलेलं चालत नाही. पण वाट सांगितलेली चालेल."

हे मी त्याच क्षणी ठरवलं. पप्पांच्या अटीत विचारण्याबद्दल काही नव्हतं. एकटी म्हणजे मुकी नाही.

मग मी घर मांडायला बसले. दोन मिनिटांचं काम वाटलं होतं. पहिल्यांदा चौथ्या दगडाला पडलं. दुसऱ्यांदा पाचव्याला. दगडाला कुठं बसायचं असतं ते दगडालाच माहीत असतं, तो फिरवून फिरवून विचारावं लागतं. तुळजाबाई शेजारी बसून बघत होत्या.

"किती मजल्याचं व्हतं गं?"

आणि माझा हात थांबला. मला माहीत नव्हतं. मी अंधारात वरून उचलत गेले होते. कुणीतरी कुठून तरी गाडी करून आलं, इथं उन्हात बसलं, नवरा-बायकोनं ठरवलं असेल, एवढंच पुरे किंवा अजून एक खोली पोरांना. ते किती होतं ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्यांच्याशिवाय. मला माफी मागावीशी वाटली, पण ती कुणाकडे पाठवायची?

शेवटी मी सातही दगड वापरले. एकही बाजूला ठेवायची माझी हिंमत झाली नाही. घर उभं राहिलं तेव्हा साडेसात झाले होते. थोडं वाकडं होतं.

"झ्याक," तुळजाबाई म्हणाल्या. "आता पळ. त्या पळसापासनं माघारी जा, जाळीत चर घावंल. काट्याला भिऊ नको. अन् चर सोडू नको."

मी चर सोडली नाही. करवंदीनं माझ्या दोन्ही हातांवर काय काय लिहिलं. जाळी फक्त पन्नास पावलं होती, पन्नास! पलीकडे पायऱ्यांसारखी वाट. वर ठाणं एवढंसं, शेंदराचे सात दगड आणि एक झरा. मी पाणी पिलं, बाटली भरली, आसराईला म्हणाले, "काल तुमचं नाव घेतलं गेलं, माझ्यामुळं. सॉरी." आणि पलीकडे उतरायला लागले. नऊ वाजून गेले होते. धावले नाही. उतारावर धावायचं नाही हे व्हिडिओतलं एक तरी वाक्य खरं होतं.

फाट्यावर चहाची एक टपरी आहे. बाकावर पप्पा बसले होते, पाठ ताठ, पेपर गोळा करायच्या आधी बसतात तसे. मामा मोटारसायकलच्या बाजूला येरझाऱ्या घालत होता.

"आली! आली हो दाजी!" मामा ओरडला. "धा वाजल्यापासनं निघून राहिलो मी, तर हे सोडंनात. म्हणतात थांब, थांब. जीव गेला ना माझा!"

पप्पांनी घड्याळ पाहिलं. "दहा बेचाळीस."

"हो."

"बस." चहा आला. मी दोन घोट घेतले. ते म्हणाले, "रात्री कुठं झोपलीस?"

प्रश्न साधा होता. त्यांचा चेहराही साधा होता. "ठाण्यापाशी" एवढा एक शब्द, आणि उशिराचं काहीही कारण सांगता आलं असतं. बूट चावला. घसरले. माझ्या तोंडात तो शब्द तयार होता, अगदी जिभेवर. रात्री आठपासून तो तिथंच बसून होता आणि मला त्याचा कंटाळा आला होता.

"कड्यावर," मी म्हणाले. "वाट चुकले. आईला खोटं सांगितलं."

मामानं "हात् तिच्या" म्हणून डोक्याला हात लावला. मग मी सगळं सांगितलं. दगड, व्हिडिओ, हाक, नारळ, घर. तुळजाबाईंपर्यंत आले तेव्हा घाईघाईनं म्हणाले, "पण ती मला आणायला नव्हती आली. देवीकडे आली होती."

"माहीत आहे," पप्पा म्हणाले. "सकाळी सातपासून या टपरीवर तेच चाललंय. आसराईनं ओ दिली. कड्याच्या बाजूनं." त्यांनी कप खाली ठेवला. "माझ्या खिशात आईनं पुढं पाठवलेला तुझा मेसेज. ठाण्यापाशी आहे. आणि लोक सांगून राहिले, आवाज कड्याचा. चार तास मी इथं बसलोय, देवू."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"वाट चुकली ते सोड. मीही चुकलोय त्याच डोंगरावर. चुकली हे कधी कळलं?"

"पावणेपाचला."

"आणि मान्य कधी केलं?"

"पावणेसहाला."

"तो तास मी समजू शकतो. पण आठचा मेसेज?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "रात्री तुझा पाय मोडला असता तर आम्ही कुठं आलो असतो? वर. ठाण्यापाशी. पंचवीस माणसं घेऊन सगळा डोंगरमाथा पालथा घातला असता. आणि तू खाली कड्यावर. तू आम्हाला एक पत्ता दिला होतास, आणि आम्ही तो धरून बसलो असतो."

मी चहाच्या कपात बघत राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला फॉर्म काढला. मला वाटलं, आता फाडणार. मी काही म्हणाले नसते. त्यांनी तो बाकावर सरळ केला आणि पेनासकट माझ्याकडे सरकवला. बोट एका चौकटीवर होतं: पूर्वानुभव, असल्यास.

"हे भर."

मी शिबिराची भिंत लिहिणार होते. घंटा. पण पेन टेकवलं आणि लिहिलं ते असं: 'एक रात्र एकटीनं डोंगरावर. वाट चुकले. कळल्यावर तासभर कबूल केलं नाही. रात्री अंधारात हलले नाही. घरी जागा चुकीची कळवली. सकाळी एकटी उतरले, बेचाळीस मिनिटं उशिरा.'

पप्पांनी ते वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"हे वाचून घेतील का तुला ते लोक?"

"माहीत नाही."

"खोडायचं का?"

"नको."

"दाजी, असं लिवतात व्हय कुठं!" मामा कळवळून म्हणाला. "जरा बरं बरं लिव की गं!"

पप्पांनी फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि सही केली. काठावर पास झालेल्या मुलांच्या प्रगतिपत्रकावर करतात तशी, छोटी, दाबून. खाली तारीख लिहिली, आणि फॉर्मवर कुठंही मागितलेली नव्हती ती वेळसुद्धा.

मी उडी मारणार होते. खरंच मारणार होते. पण त्यांनी फॉर्म लगेच दिला नाही. आधी स्वतःचा फोन माझ्या हातात ठेवला.

"आईला अजून काहीच सांगितलेलं नाही. रात्री तू ठाण्यापाशीच होतीस असं ती समजून बसली आहे. तू सांग."

मी नंबर लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"आई, मी आहे," मी म्हणाले. "काल रात्री मी कुठं होते, ते ऐक."